हिरेवाडीकरांचं डबल कार्बोरेटर

"बॉनेट उघडा," मी म्हटलं.

धैर्यशीलराव हिरेवाडीकर नुसते हसले. पांढरा सफारी, काळा चष्मा आणि एक हात गाडीच्या दारावर, घोड्याच्या मानेवर ठेवावा तसा. "बाई, सकाळपासून अर्धं कोल्हापूर हे बॉनेट बघून गेलंय. तुम्ही आधी चहा घ्या."

"चहा नंतर. आधी बॉनेट."

त्यांनी ड्रायव्हरला खूण केली आणि बॉनेट वर गेलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांची रॅली होती. आदल्या दिवशी क्लबच्या मैदानावर गाड्यांची तपासणी चालली होती. कुठली गाडी किती अस्सल ते ठरवायचं आणि तसा कागद द्यायचा. मुख्य परीक्षक म्हणून मुंबईहून खंबाटा आले होते, इंजिनाची बाजू माझ्याकडे होती. उद्यमनगरात माझं गॅरेज होतं, इंजिनिअरिंगचा डिप्लोमा भिंतीवर टांगलेला होता, तरी गावात माझी ओळख 'कार्बोरेटरवाली हौसाबाई' हीच. कुणी कौतुकानं म्हणायचं, कुणी तोंड वाकडं करून. बिघडलेलं कार्बोरेटर मात्र दोघंही माझ्याकडेच आणायचे, त्यामुळे मला दोन्ही चालायचं.

हिरेवाडीकरांची हॅल्डन म्हणजे रॅलीतली नवरी. गर्द हिरव्या रंगाची, दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स गाडी. धैर्यशीलरावांचे वडील आबासाहेब हीच गाडी घेऊन तीसेक वर्षांपूर्वी मद्रासकडच्या धावपट्टीवर शर्यत जिंकले होते. ती गोष्ट आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ होती. कंपनीनं खास शर्यतीसाठी डबल कार्बोरेटरचा संच काढला, आबासाहेबांनी तो बोटीनं मागवला आणि भल्याभल्यांना धूळ चारली. तसे संच आता जगात मोजकेच उरले होते. विलायतेतल्या एका गिऱ्हाइकानं गाडी मागितली होती, पण एका अटीवर. संच मूळ कंपनीचाच आहे असं आमच्या क्लबनं लिहून द्यायला हवं होतं.

मी बाह्या सरसावून वाकले.

दोन्ही कार्बोरेटर खरे होते. पितळी टोप्या, पेट्रोलच्या वाट्या, आतल्या सुया, सगळं त्या काळचं. पण कार्बोरेटर शोधले तर सापडतात. खरं मोल मॅनिफोल्डचं. दोन्ही कार्बोरेटर ज्याच्यावर बसतात आणि ज्याच्या नळ्यांतून हवा आणि पेट्रोल इंजिनात शिरतं, तो अॅल्युमिनियमचा ओतीव तुकडा. त्याच्यावर कंपनीचा नंबर उठावात होता, बरोबर होता. मी मापं घेतली, तीही बरोबर आली.

"आणि एक सांगतो," धैर्यशीलराव म्हणाले. "बाकीच्या हॅल्डन चढावर खोकतात. मागच्या सिलिंडरला पोटभर मिळत नाही. सगळ्या जगाची तक्रार आहे. आमची कधी खोकली नाही. रक्तच वेगळं."

खंबाटा मागून डोकावले. "बरोबर हाय नी, हौसाबाई?"

"आतापर्यंत तरी आहे."

नळी जिथं बुडाच्या पट्टीला मिळते, त्या आतल्या कोपऱ्यात नजर पोचत नाही, बोटच पोचतं. मी बोट घातलं आणि ते तिथंच थांबलं. एक बारीक, तिरकी, उठावाची रेघ लागली. शेजारच्या कोपऱ्यात चाचपलं. तिथंही तीच. मी हात बाहेर काढून बोटाकडे बघितलं.

"काय झालं?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"काही नाही. जेवून येते, मग लिहिते."

"सही करून जा की. एक रेघ तर ओढायची."

"रेघ ओढायला वेळ लागत नाही," मी म्हटलं. "पुसायला लागतो."

स्कूटरला किक मारली ती थेट घरी.

माझे वडील दौलू सुतार म्हणजे उद्यमनगरातले नावाजलेले पॅटर्नवाले. फाउंड्रीत जे ओतायचं त्याचा आधी लाकडी पॅटर्न करतात. तो वाळूत दाबून काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. धातू निवताना आक्रसतो, म्हणून पॅटर्न थोडा मोठाच करावा लागतो. त्यासाठी पॅटर्नवाल्यांची पट्टीही वेगळी. तिच्यावरचा फूट खऱ्या फुटापेक्षा सव्वा सुतानं मोठा; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लहानपणी अण्णा त्याच पट्टीनं माझी उंची मोजायचे. शाळेत ती अर्ध्या इंचानं जास्त भरली तेव्हा मी गुरुजींशी भांडले होते, तुमचीच पट्टी खोटी म्हणून.

लाकडाच्या कोपऱ्यांना गोलाई यावी म्हणून अण्णा त्यांत मेण भरायचे आणि उजव्या अंगठ्यानं दाबत न्यायचे. त्या अंगठ्यावर तरुणपणी पटाशी लागल्याची खोल तिरकी खाच होती. मेणावर तिची रेघ उठायची, वाळूत उतरायची आणि धातूत यायची. दुसरा कुणी असता तर ती घासून काढली असती. अण्णा मुद्दाम ठेवायचे. "आईला आपलं पोरगं ओळखू आलं पायजे," म्हणायचे. पॅटर्नवाल्यांच्या भाषेत पॅटर्न म्हणजे आई आणि ओतून निघालेला तुकडा म्हणजे तिचं पोर.

आणि हा माणूस काही गप्प बसणारा नव्हता. आपण केलेल्या पॅटर्नबद्दल बोलायला लागले की समोरचा उठून जाईपर्यंत बोलायचे, आणि उठला तर त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत बोलायचे. हिरेवाडीकरांच्या हॅल्डनचा विषय निघाला की मात्र त्यांना नेमका चुना संपल्याचं आठवायचं. मला इतकी वर्षं ते कधी खटकलं नव्हतं.

अण्णा सोप्यात बसून पटाशीला धार लावत होते. सत्तरी उलटली होती. काम सुटलं होतं, पण धार लावायची सवय सुटली नव्हती.

"अण्णा, हिरेवाडीकरांच्या गाडीचा मॅनिफोल्ड तुम्ही केलाय."

पटाशी थांबली. "कोण म्हनलं?"

"तुमचा अंगठा म्हणाला. आत्ताच हात लावून आले."

ते पुन्हा दगडावर पटाशी घासायला लागले. "मी काय बोलनार न्हाई. आबासाहेबांस्नी शबूद दिलाय."

"विलायतेहून संच आलाच नव्हता?"

पटाशी चालूच राहिली.

"आला होता, पण फुटका आला?"

पटाशी थांबली. मग पुन्हा चालू झाली. मला वाट सापडली.

"शर्यतीत कंपनीचाच माल चालायचा. म्हणून तुम्ही फुटक्यावरून हुबेहूब नवा केलात, नंबरसकट. आणि म्हणून आबासाहेबांनी तुमच्याकडून शब्द घेतला."

पटाशी बराच वेळ थांबली.

मला एकदम एक गोष्ट आठवली. मी चौथीत असेन. आबासाहेबांचा सत्कार होता आणि अण्णा नवा गुलाबी फेटा बांधून गेले होते. परत आले ते फेटा खुंटीला अडकवून तसेच झोपले, जेवले नाहीत. आईनं खूप विचारलं, काही बोलले नाहीत. तो फेटा नंतर कधी डोक्यावर चढला नाही.

"सत्काराला फेटा बांधून कशाला गेला होता?" मी विचारलं.

अण्णांनी पटाशी खाली ठेवली. "तुमी सोताहून कवाच बोलायचं न्हाई, शर्यत झाल्यावर चार लोकांत मीच तुमचं नाव घेतो, असं म्हनलं हुतं आबासाहेब. सत्कारात त्येंनी विलायतेच्या कारागिरांचं आभार मानलं. टाळ्या वाजल्या." त्यांनी दगड पुसून बाजूला सारला. "मीबी वाजवल्या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मग आता तरी बोला! ते जाऊन दहा वर्षं झाली. उद्या गाडी विलायतेला जाईल, तुमचं काम त्यांचं म्हणून. पुन्हा कधी दिसायचंही नाही."

"त्येंनी शबूद पाळला न्हाई म्हनून मीबी मोडायचा व्हय? मग त्येंच्यात न् माज्यात फरक काय ऱ्हायला?"

"पॅटर्न तरी कुठाय?"

"जाळला. आबासाहेबांच्या डोळ्यांदेखत बंबात घातला. तसंच ठरलं हुतं."

"मी त्या कागदावर सही करणार नाही, अण्णा."

"नगो करू. खोट्यावर सही करायला मी तुला शिकवलं न्हाई. पर माजं नाव तुज्या तोंडातनं भाईर पडलं, तर या घराचा उंबरा चढू नगंस."

"मग कुणी केलंय म्हणून सांगू?"

"तू इंजनेर हाईस. तुजं तू बघ."

मी ताटावर बसलेच नाही. भाकरी तशीच झाकून ठेवली आणि निघाले. मला राग धैर्यशीलरावांचा येत होता, आबासाहेबांचा येत होता, पण सगळ्यांत जास्त अण्णांचा येत होता. जन्मभर बढाया मारणाऱ्या माणसानं जिथं खरी बढाई मारायची तिथंच तोंड शिवून घेतलं होतं.

मैदानावर पोचले, टेबलावरचा कागद ओढला आणि इंजिनाच्या रकान्यात लिहिलं, 'मॅनिफोल्ड मूळ कंपनीचा नाही.'

धैर्यशीलरावांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच त्यांचे डोळे दिसले. "हा काय प्रकार आहे?"

"जे आहे ते लिहिलंय."

"नंबर बरोबर. माप बरोबर. तुमच्या तोंडानं म्हणालात."

"म्हणाले. तरीही तो कंपनीचा नाही."

खंबाटांनी कागद वाचला आणि डोकं खाजवलं. "हौसाबाई, कारण तर लिहावा लागेल नी. असा नुसता नाय म्हणून कसा चालेल?"

"कारण काय असणार?" धैर्यशीलराव म्हणाले. "बाईंना नाव काढायचंय. हिरेवाडीकरांची गाडी पाडली म्हणून गावभर बोभाटा होईल. बरं, कंपनीचा नाही ना? मग कुणाचा आहे? कुठं झाला? सांगा नाव."

नाव माझ्या ओठांवर आलं होतं. मी दात आवळून उभी राहिले.

"इथंच ओतलेला आहे," एवढंच म्हटलं. "कोल्हापुरात."

ते मोठ्यानं हसले. आजूबाजूचे गाडीवाले वळून बघायला लागले. "कोल्हापुरात? बाई, इथं उसाच्या चरकाचे रोल ओततात. पाण्याचे पंप ओततात. तीस वर्षांपूर्वी असलं नाजूक काम इथल्या लोकांच्या बापजन्मात झालं असतं का?"

"माझ्या तरी बापजन्मात झालंय," असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "मी सही करणार नाही, सरकार. दुसरा कुणी आणा आणि करून घ्या. पण क्लबमध्ये जो जो विचारेल त्याला मी सांगेन की हे खोटं आहे."

"सिद्ध करा, नाहीतर सगळ्यांसमोर माफी मागा," धैर्यशीलराव म्हणाले. "उद्यापासून तुमच्या गॅरेजच्या दारात जुनी गाडी उभी राहिली तर मला सांगा."

त्याच वेळी फाटकातून एक रिक्षा आत आली आणि थेट हिरवळीवर चढली. रखवालदार ओरडत मागून धावत होता. रिक्षातून अण्णा उतरले. डोक्यावर गुलाबी फेटा होता. तोच. घड्यांवर विटलेला, पण नीट बांधलेला. काखेत आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं एक गाठोडं होतं.

कुणाशी काही न बोलता ते टेबलापाशी आले, गाठोडं ठेवलं आणि गाठ सोडली.

आत सागवानी पॅटर्न होता. लाखेच्या पॉलिशचा रंग अजून तांबूस चमकत होता. चार नळ्या, बुडाची पट्टी, कार्बोरेटर बसायच्या दोन जागा, आणि बाजूला शिशाच्या अक्षरांत कंपनीचा नंबर. मी तो पहिल्यांदाच बघत होते आणि तरी मला तो ओळखीचा वाटला. कोपऱ्यांतलं मेण काळं पडलं होतं, पण प्रत्येक कोपऱ्यात ती तिरकी रेघ होती.

धैर्यशीलरावांनी पॅटर्न उचलला आणि गाडीकडे नेऊन मॅनिफोल्डला समांतर धरला. क्षणभर त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला होता, तो परत आला. "बघा! खंबाटासाहेब, तुम्हीच बघा. हा मोठा आहे. दीड-दोन सुतानं मोठा आहे. मेळच बसत नाही. कुणीतरी अंदाजानं केलेलं खेळणं आहे हे."

खंबाटांनी पॅटर्न त्यांच्या हातातून अलगद काढून घेतला. आपली टेप लावली, मॅनिफोल्डला लावली, पुन्हा पॅटर्नला लावली. मग ते हसायलाच लागले. "अरे सरकार, मोठाच पाहिजे नी! धातू थंड होऊन बारीक होते. हा एकसारखा असता, तर मी बोललो असतो, गाडीवरून कॉपी केलाय, खोटा हाय. मोठा हाय, म्हणूनच हा आई हाय."

धैर्यशीलरावांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग अण्णांकडे वळले. "तुम्ही केलंय हे? आबासाहेबांसाठी? बोला."

अण्णा बोलले नाहीत.

"बोला की! मुके आहात का?"

दौलू सुताराला मुका म्हणणारा उद्यमनगरात जन्माला यायचा होता. पण अण्णांनी ओठ हलवला नाही. ते गाडीपाशी गेले, फेटा बॉनेटला लागू नये म्हणून मान तिरकी करून वाकले आणि उजवा अंगठा त्या आतल्या कोपऱ्यात घातला. तो असा बसला की जणू तीस वर्षं तिथंच होता. मग अंगठा काढून त्यांनी धैर्यशीलरावांसमोर धरला, खाच दिसेल असा.

खंबाटांनीही वाकून कोपऱ्यात बोट घातलं. बराच वेळ घातलेलं ठेवलं.

धैर्यशीलराव माझ्याजवळ आले. आवाज खाली आला होता, त्यात आता हसू नव्हतं. "बाई, हे लिहिलंत तर नुसती गाडी जात नाही. ती शर्यत जाते. कंपनीचाच माल पाहिजे असा नियम होता. माझे वडील खोटे ठरतील, आणि नंबर घालून नकली माल करणारे म्हणून तुमचे वडीलही. या वयात त्यांच्या कपाळी हे लावणार आहात?"

ते खोटं बोलत नव्हते. मी अण्णांकडे बघितलं.

"अण्णा, लिहू?"

अण्णांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दोन्ही हातांनी फेटा नीट बसवला आणि ताठ उभे राहिले, फोटो काढायला उभं राहावं तसे.

नाव तोंडातून घ्यायचं नव्हतं. मी पेन उघडलं आणि कागदावर मघाच्या ओळीखाली लिहिलं, 'निर्माता दौलू रामा सुतार, उद्यमनगर, कोल्हापूर. पॅटर्न समक्ष पडताळला.' खाली सही केली. खंबाटांनी माझ्या सहीखाली आपली केली, आणि खालची कार्बन प्रत धैर्यशीलरावांच्या हातात दिली.

"उद्या गाडी रॅलीत येणार नाही," ते म्हणाले.

"मर्जी तुमची," खंबाटा म्हणाले. "पण नाय आली तर सगळा गाव विचारेल, का नाय आली?"

माझी स्कूटर मैदानावरच ठेवली. परतताना रिक्षात अण्णा माझ्याशेजारी गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. मला राहवेना.

"पॅटर्न बंबात जाळला म्हणालात."

"जाळला की."

"मग हे काय आहे?"

"बंबात पंपाचा जुना पॅटर्न गेला," अण्णा म्हणाले. "आबासाहेबांस्नी लाकडातलं काय कळतंय? पानी तापलं, मी आंगूळ केली. गप ऱ्हायाचा शबूद मी मनापासनं दिला हुता गं. जाळायचं मातुर तोंडदेखलं म्हनलो. आपलं लेकरू आपुन कसं जाळायचं?"

घरी पोचल्यावर मी झाकलेली भाकरी खाल्ली. अण्णाही माझ्याबरोबर पुन्हा जेवायला बसले.

पुढच्या वर्षी क्लबनं मला तपासणीला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. गॅरेजला काही दिवस धग लागली, मग ज्यांच्या गाड्या चालत नव्हत्या ते निमूटपणे परत आले. विलायतेचं गिऱ्हाईक फिरलं. आबासाहेबांच्या शर्यतीवरून वर्तमानपत्रात उलटसुलट छापून आलं, आणि 'नकली मालवाला सुतार' असंही कुणीतरी लिहिलं. अण्णांनी ते मला दोनदा वाचायला लावलं आणि विचारलं, "नाव बरूबर छापलंय न्हवं?"

पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी हॅल्डन आली. धैर्यशीलराव स्वतः चालवत होते, मान ताठ, नजर समोर. निवेदकाच्या हातात प्रत्येक गाडीचा कागद होता आणि तो दिसेल ते वाचत होता. गाडीचं नाव वाचलं, साल वाचलं, मालकाचं नाव वाचलं. मग भोंग्यातून सगळ्या मैदानावर घुमलं, "डबल कार्बोरेटरचा मॅनिफोल्ड, निर्माता दौलू रामा सुतार, उद्यमनगर, कोल्हापूर!"

आधी कुणालाच समजलं नाही. मग उद्यमनगरातल्या मंडळींच्या बाजूनं शिट्ट्या सुरू झाल्या आणि टाळ्या पडल्या. धैर्यशीलरावांनी आमच्याकडे बघितलं नाही. आमच्यासमोरून जाताना मात्र त्यांनी गाडीचा वेग कमी केला आणि एकदा जोरात रेस दिली. का दिली ते मला आजही माहीत नाही. इंजिन खोकलं नाही.

अण्णांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. हात पाठीमागं बांधून ते ऐकत होते.

फाउंड्रीतला एक ओळखीचा मोल्डर गर्दीतून वाट काढत आला. "दौलूअण्णा, खरंच तुमी केलंय व्हय ते?"

"मी एक अक्षर बोललो न्हाई," अण्णा म्हणाले. "समदं पोरीनं लिवलंय."

तो मान हलवून निघाला. अण्णांनी त्याचा हात धरून त्याला मागं ओढलं.

"आरं थांब की. मागल्या नळीला आतनं दोन सूत चढ का दिला, ते तरी इचार."